'निघा' म्हणण्याचा अधिकार कोणाकडे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात. दुसऱ्या देशाच्या भूमीवर उभारलेले लष्करी तळ आणि परक्या देशात केलेले सशस्त्र हस्तक्षेप यांना आधुनिक साम्राज्यवाद म्हणावे का, असे वाचक विचारतात. म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे याच विषयाला दिले असून मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : पूर्वीची साम्राज्ये प्रदेश जिंकत, तेथे आपला गव्हर्नर नेमत आणि कर वसूल करत. आजचे परकी तळ यजमान देशाशी रीतसर करार करून, अनेकदा भाडे देऊन उभे राहतात. त्यांना साम्राज्यवाद म्हणणे ही निव्वळ राजकीय घोषणा नाही का?

उत्तर : करार झाला होता, एवढ्यावरून तेथे साम्राज्यवाद नव्हता असे ठरत नाही. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला ईस्ट इंडिया कंपनीशी केलेला तह हाही रीतसर, सहीशिक्क्याचा करारच होता. कंपनीची किमान ६,००० पायदळाची तैनाती फौज पेशव्याने कायमची ठेवून घ्यावी, तिच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा आणि कंपनीच्या संमतीवाचून इतर सत्तांशी युद्ध किंवा तह करू नये, असे त्यात ठरले होते. पुण्यात इंग्रज गव्हर्नर बसला नाही आणि गादी पेशव्याचीच राहिली, परंतु त्या गादीवरून कोणते निर्णय घेता येतील हे मात्र आता दुसरेच कोणी ठरवू लागले. १८१८ साली गादीही गेली. तैनाती फौजेची ही पद्धत हैदराबादच्या निजामाने त्याआधीच, १७९८ साली, स्वीकारली होती. साम्राज्याला प्रत्येक वेळी मुलूख जिंकावाच लागतो असे नाही, यजमानाच्या खर्चाने त्याच्याच घरात फौज ठेवूनही साम्राज्य चालवता येते, हे आपल्या इतिहासाने फार जवळून पाहिले आहे.

म्हणून साम्राज्यवादाची ओळख झेंड्यावरून किंवा गव्हर्नरवरून करू नये, असे मला वाटते. एका राज्याने दुसऱ्या समाजाच्या महत्त्वाच्या निर्णयांवर टिकाऊ ताबा ठेवणे आणि त्या समाजाला तो ताबा झुगारता न येणे, हा त्याचा गाभा आहे. हे मान्य केले तर प्रत्येक तळाबाबत एक सरळ प्रश्न विचारता येतो : यजमानाने 'निघा' म्हटले, तर पाहुणा निघतो का?

या कसोटीवर दोन तळ शेजारी ठेवून पाहावेत. क्यूबातील ग्वांतानामोचा तळ अमेरिकेला १९०३ साली भाडेपट्ट्याने मिळाला. त्या वेळच्या वाटाघाटी बरोबरीच्या नव्हत्या. स्पेनशी झालेल्या १८९८च्या युद्धानंतर क्यूबा अमेरिकी लष्कराच्या ताब्यात होता आणि तळासाठी जागा देण्याची व गरज वाटल्यास अमेरिकेने हस्तक्षेप करण्याची तरतूद राज्यघटनेत मान्य केल्याखेरीज ते लष्कर हटणार नव्हते. हस्तक्षेपाचे कलम १९३४ साली रद्द झाले, तळ मात्र राहिला. उलट त्या वर्षीच्या नव्या करारानुसार दोन्ही पक्षांच्या संमतीने किंवा अमेरिकेने स्वतः जागा सोडल्यासच हा पट्टा संपू शकतो, म्हणजे क्यूबाने एकट्याने तो संपवण्याची वाटच ठेवलेली नाही. अमेरिका दरवर्षी ४,०८५ डॉलरचा धनादेश पाठवते. १९५९च्या क्रांतीनंतर, पहिल्या वर्षी वटलेला एक धनादेश सोडला, तर क्यूबाच्या सरकारने हे पैसे घेतलेले नाहीत. जमिनीचा मालक साठ वर्षांहून अधिक काळ भाडे नाकारतो आहे, जमीन परत मागतो आहे आणि तरीही तळ जागच्या जागी आहे. याला साम्राज्यवादाखेरीज दुसरा प्रामाणिक शब्द मला सापडत नाही.

आता फिलिपीन्स पाहा. हा देश तर १८९८पासून अमेरिकेची वसाहतच होता. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४७ साली, ९९ वर्षांचा तळांचा करार त्याच्या गळ्यात पडला. ती मुदत पुढे कमी होऊन १९९१पर्यंत आली. त्या वर्षीच्या जून महिन्यात पिनातुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला, क्लार्कचा हवाई तळ राखेखाली गेला आणि अमेरिकेने तो सोडला. सुबिक येथील नौदल तळ आणखी दहा वर्षे ठेवण्याचा करार १६ सप्टेंबर १९९१ रोजी फिलिपीन्सच्या सिनेटसमोर आला, तेव्हा सिनेटने तो १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला. एका मताचा फरक होता, तरी पुढील वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकी नौदल सुबिक सोडून गेले. नंतर चीनशी सागरी वाद चिघळल्यावर याच देशाने २०१४च्या कराराने अमेरिकी सैन्याला आपल्या काही तळांवर पुन्हा प्रवेश दिला आणि २०२३ साली अशा ठिकाणांची संख्या नऊवर नेली. तेथील अनेकांना हा निर्णय चुकीचा वाटतो, पण 'नाही' म्हणून दाखवलेल्या देशाच्या होकाराला काही अर्थ असतो. ग्वांतानामोच्या बाबतीत तसा होकार कधी मागितलाच गेला नाही.

अभ्यासकांच्या मोजणीनुसार अमेरिकेचे परदेशांतील तळ सुमारे ७५० असून ते जवळजवळ ८० देशांत व प्रदेशांत पसरले आहेत. एवढ्या संख्येला एकच विशेषण लावणे बरोबर होणार नाही. मात्र ही संख्या पाहिल्यावर हे सगळे निव्वळ स्वसंरक्षण आहे, असेही म्हणवत नाही.

प्रश्न : जर्मनी, पोलंड, दक्षिण कोरिया, जपान या देशांना अमेरिकी सैन्य हवे आहे. ज्यांना फौज हवी आहे त्यांना गुलाम ठरवणे हा त्यांचाच अपमान नव्हे का?

उत्तर : आपला आक्षेप महत्त्वाचा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोपातील सरकारांनी अमेरिकेला राहण्याची गळ घातली, हे खरे आहे. याच कारणाने काही इतिहासकार त्या व्यवस्थेला निमंत्रणाने आलेले साम्राज्य म्हणतात. शेजारी बलाढ्य आणि आक्रमक असेल, तर लहान देशाने दूरचा मित्र घरात आणून ठेवणे हे त्याचे स्वतंत्र धोरण असू शकते. पोलंडचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याने वॉर्सातील निर्णयाला परावलंबन म्हणण्यापूर्वी थांबावे.

येथेही तीच कसोटी लावून पाहू. मार्च १९६६मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल यांनी नाटो या अमेरिकाप्रणीत लष्करी संघटनेच्या एकत्रित लष्करी रचनेतून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला आणि परकी सैन्याने एप्रिल १९६७पर्यंत फ्रान्स सोडावा असे कळवले. वॉशिंग्टनमध्ये संताप झाला, पण सैन्य मुदतीत निघाले आणि नाटोचे मुख्यालय पॅरिसहून ब्रुसेल्सला गेले. त्याच्या दहाच वर्षे आधी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, हंगेरीचे पंतप्रधान इम्रे नॉज यांनी आपला देश वॉर्सा करार या सोव्हिएत गटाच्या संघटनेतून बाहेर पडत असल्याचे घोषित केले होते. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले, हजारो माणसे मेली, जून १९५८मध्ये नॉज यांना फाशी देण्यात आली आणि सोव्हिएत फौजा १९९१पर्यंत तेथेच राहिल्या. कागदावर दोन्ही संघटना सार्वभौम देशांच्या संरक्षण संघटनाच होत्या.

तरीही फ्रान्सच्या उदाहरणाने पूर्ण समाधान मानता येत नाही. फ्रान्सकडे तेव्हा स्वतःचा अणुबॉम्ब होता आणि सुरक्षा परिषदेत नकाराधिकार होता. इराककडे यांपैकी काहीच नव्हते. जानेवारी २०२०मध्ये बगदाद विमानतळाजवळ अमेरिकेने इराणी सेनानी कासिम सुलेमानी यांना ठार केले, त्यानंतर दोनच दिवसांनी इराकच्या संसदेने परकी सैन्य देशाबाहेर काढावे असा ठराव केला. ठराव सरकारवर बंधनकारक नव्हता आणि संसदेतील अनेक कुर्द व सुन्नी सदस्य त्या मतदानाला आलेही नव्हते, हे नमूद केले पाहिजे. परंतु अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्यावर कठोर आर्थिक निर्बंधांची धमकी दिली आणि सैन्य राहिले. एकच महासत्ता पॅरिसचे ऐकते आणि बगदादला धमकावते, तेव्हा तिचा 'निमंत्रणा'वरील विश्वास समोरच्याच्या ताकदीनुसार बदलतो, असे म्हणावे लागते.

प्रश्न : दिएगो गार्सिया हे नाव बातम्यांत वारंवार येते. तेथे नेमके काय झाले?

उत्तर : या प्रश्नाला मी मुद्दाम अधिक जागा देत आहे. तळांची चर्चा नेहमी राज्यांच्या पातळीवर होते आणि ज्या माणसांच्या अंगणात तळ उभा राहतो ती माणसे तिच्यातून गळून पडतात.

चागोस हा हिंदी महासागरातील बेटांचा समूह ब्रिटिशांच्या अमलाखालील मॉरिशसचा भाग होता. मॉरिशसला १९६८ साली स्वातंत्र्य मिळायचे होते. त्याच्या तीन वर्षे आधी, १९६५मध्ये, ब्रिटनने ही बेटे त्यापासून तोडून वेगळी वसाहत केली आणि १९६६च्या कराराने त्यांतील सर्वांत मोठे बेट, दिएगो गार्सिया, अमेरिकेला तळासाठी उपलब्ध करून दिले. त्याच्या मोबदल्यात ब्रिटनला अमेरिकी पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या खरेदीत १ कोटी ४० लाख डॉलरची सूट मिळाली, आणि ही गोष्ट दोन्ही देशांच्या कायदेमंडळांपासून दडवून ठेवण्यात आली. अडचण एकच होती, ती म्हणजे बेटांवर माणसे राहत होती. नारळाच्या मळ्यांत कामासाठी आणलेल्या गुलामांचे हे वंशज तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते, त्यांची स्वतःची क्रिओल बोली होती, त्यांची दफनभूमी तेथेच होती. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी अंतर्गत टिपणांत त्यांना तात्पुरते कंत्राटी मजूर ठरवले, म्हणजे तेथे कायमची वस्ती नसल्याचे संयुक्त राष्ट्रांना सांगता येईल. १९६८ ते १९७३ या काळात सुमारे दीड ते दोन हजार लोकांना बेटांवरून हटवले गेले. उपचारासाठी मॉरिशसला गेलेल्यांना परत येऊ दिले नाही, बेटांवर येणारा धान्यसाठा कमी केला गेला, आणि लोकांची पाळीव कुत्री गोळा करून कोंडली व विषारी धुराने मारली गेली. उरलेल्यांना जहाजांत भरून मॉरिशस आणि सेशेल्सच्या किनाऱ्यावर सोडण्यात आले. त्यांपैकी अनेकांचे पुढचे आयुष्य झोपडवस्त्यांत, बेकारीत गेले.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ रोजी १३ विरुद्ध १ अशा बहुमताने सल्लावजा मत दिले की, चागोस वेगळे केल्याने मॉरिशसची वसाहतमुक्ती कायदेशीररीत्या पूर्णच झाली नव्हती आणि ब्रिटनने तेथील प्रशासन शक्य तितक्या लवकर संपवावे. त्याच वर्षी मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी त्याला दुजोरा दिला. मे २०२५मध्ये ब्रिटन आणि मॉरिशस यांनी ज्या करारावर सह्या केल्या, त्यात बेटांचे सार्वभौमत्व मॉरिशसला देऊन दिएगो गार्सिया ९९ वर्षांच्या पट्ट्याने, सरासरी दरसाल १० कोटी १० लाख पौंड मोबदल्यावर, तळासाठी राखून ठेवण्याचे ठरले. मॉरिशसला इतर बेटांवर पुनर्वसन करता येईल, पण दिएगो गार्सियावर नाही. ज्यांची घरे तेथे होती, त्या चागोसवासीयांना या वाटाघाटींत पक्षकार म्हणून स्थान नव्हते. त्यांच्यातील कित्येकांनी याच कारणाने करारावर आक्षेप घेतला आहे.

यामुळे वरच्या कसोटीत मला एक भर घालावी लागते. 'निघा' म्हणण्याचा अधिकार राजधानीत बसलेल्या सरकारला आहे की तळाच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या माणसालाही आहे, हेही पाहिले पाहिजे. जपानच्या एकूण भूभागापैकी केवळ ०.६ टक्के भाग ओकिनावा या बेटांवरील प्रांताचा आहे, परंतु देशातील केवळ अमेरिकी सैन्यासाठी राखलेल्या तळांच्या क्षेत्रापैकी सुमारे ७० टक्के क्षेत्र तेथे आहे. १९९५मध्ये तीन अमेरिकी सैनिकांनी बारा वर्षांच्या मुलीवर बलात्कार केला, तेव्हा निषेधासाठी सुमारे ८५,००० लोक एकत्र आले. त्यानंतर फुतेन्मा हवाई तळ हलवण्याचे ठरले, पण हलवायचा कोठे, तर ओकिनावातच, हेनोको येथे. फेब्रुवारी २०१९च्या सार्वमतात मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ७२ टक्के लोकांनी तेथील समुद्रात भराव टाकण्यास विरोध नोंदवला. काम चालूच राहिले. टोकियोची संमती खरी असेलही, ओकिनावाने दिलेला नकार मात्र बाजूला ठेवला गेला.

प्रश्न : टीका नेहमी अमेरिकेवर होते. रशिया, चीन यांचे काय? आणि भारताचे?

उत्तर : हंगेरीचे उदाहरण वर आलेच आहे. रशियाचा अधिक जवळचा दाखला सेवास्तोपोलचा आहे. क्रिमियातील हा नौदल तळ रशियाने युक्रेनकडून भाड्याने घेतला होता आणि २०१०च्या कराराने, नैसर्गिक वायूच्या दरातील सवलतीच्या मोबदल्यात, त्याची मुदत २०४२पर्यंत वाढवून घेतली होती. २०१४मध्ये कीवमधील सरकार बदलताच रशियाने क्रिमियाच गिळंकृत केला, आणि ते करताना तेथे आधीपासून असलेले सैन्य कामी आले. भाडेकरूने घर बळकावावे, अशी ही घटना आहे. अमेरिकी तळांवर तळमळीने बोलणारी काही मंडळी या प्रकरणी गप्प राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

चीनने परदेशातील आपला पहिला लष्करी तळ २०१७ साली जिबुतीत उघडला. त्या चिमुकल्या देशात अमेरिका, फ्रान्स, जपान आणि इटली यांचेही सैन्य आहे. तेथील सरकार अनेक पाहुण्यांकडून भाडे घेते आणि कोणा एकाच्या मुठीत जात नाही. एका तळावरून चीनला अमेरिकेच्या रांगेत बसवणे आज घाईचे होईल. दक्षिण चीन समुद्रात भराव टाकून केलेल्या बेटांचा प्रश्न मात्र वेगळा आणि गंभीर आहे, कारण तेथे कोणाची परवानगी मागितलीच गेलेली नाही.

भारतालाही तीच मोजपट्टी लावली पाहिजे. जुलै १९८७च्या करारानुसार भारतीय शांतिसेना श्रीलंकेत गेली. करारावर श्रीलंकेच्या अध्यक्षांची सही होती, पण भारताचा दबाव त्यामागे होता हे नाकारता येत नाही. ही सेना लवकरच तेथील युद्धात ओढली गेली, १,१००हून अधिक भारतीय जवान मृत्युमुखी पडले आणि तमिळ नागरिकांनाही त्या युद्धाची मोठी झळ बसली. श्रीलंकेचे नंतरचे अध्यक्ष रणसिंघे प्रेमदासा यांनी जून १९८९मध्ये सैन्य जुलैअखेर परत न्यावे अशी मागणी केली, प्रत्यक्षात शेवटची तुकडी मार्च १९९०मध्ये निघाली. मालदीवच्या नव्या सरकारने भारतीय लष्करी कर्मचारी नकोत असे सांगितल्यावर ते मे २०२४पर्यंत परत आले. पहिल्या वेळी आपण उशीर केला, दुसऱ्या वेळी केला नाही.

प्रश्न : नरसंहार चालू असताना बाहेरून सैन्य पाठवणे हाही साम्राज्यवाद म्हणायचा का?

उत्तर : नाही, सरसकट तसे म्हणता येणार नाही. १९७१मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. युद्ध डिसेंबरात संपले आणि मार्च १९७२मध्ये भारतीय सैन्य बांगलादेशातून बाहेर पडले. व्हिएतनामने जानेवारी १९७९मध्ये कंबोडियातील ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेची राजवट उलथवली, त्यामुळे तेथील हत्याकांड थांबले. पण त्याचे सैन्य तेथे १९८९पर्यंत राहिले, आणि सुटका करायला आलेले सैन्य दहा वर्षे राहते तेव्हा त्याचे रूप बदलू लागते. हेतू शुद्ध होता की नाही, हे बाहेरून ठरवणे कठीण असते. देश सोडताना मागे कोणाचे नियम राहिले, हे मात्र तपासता येते.

त्या दृष्टीने २००३चे इराक पाहावे. ज्या संहारक शस्त्रास्त्रांच्या नावाने आक्रमण झाले, ती सापडली नाहीत. त्यानंतर अमेरिकेने नेमलेल्या प्रशासनाने सप्टेंबर २००३मध्ये एका आदेशाद्वारे, तेलासारखी नैसर्गिक संपत्ती वगळता, बहुतेक उद्योगांत परकी कंपन्यांना शंभर टक्के मालकी खुली केली. इराकी जनतेने निवडलेली कोणतीही संस्था तेव्हा अस्तित्वात नव्हती. दुसऱ्या देशाची अर्थव्यवस्था कशी चालावी हे हुकमाने ठरवणे, हे जुन्या साम्राज्यांचेच काम होते. इराणमध्ये १९५३ साली पंतप्रधान मोसाद्देक यांना पदच्युत करण्यात अमेरिकी व ब्रिटिश गुप्तचर यंत्रणांचा हात होता. त्यांनी देशाच्या तेलाचे राष्ट्रीयीकरण केले होते, एवढाच त्यांचा अपराध होता. तेथे तर तळाचीही गरज पडली नाही.

प्रश्न : परकी सैनिकाने गुन्हा केला, तर त्याच्यावर खटला कोठे चालतो?

उत्तर : ते दोन देशांतील सैन्याच्या कायदेशीर दर्जाविषयीच्या करारावर अवलंबून असते. साधारणपणे कर्तव्यावर असताना घडलेल्या गुन्ह्यांवर पाठवणाऱ्या देशाचा आणि इतर गुन्ह्यांवर यजमान देशाचा पहिला अधिकार मानला जातो. पण कर्तव्य कशाला म्हणायचे आणि आरोपी केव्हा हवाली करायचा, यावर सगळे अडते. ओकिनावातील वर सांगितलेल्या प्रकरणात आरोपपत्र दाखल होईपर्यंत तिघे संशयित जपानी पोलिसांच्या ताब्यात आले नव्हते. इराणच्या संसदेने ऑक्टोबर १९६४मध्ये अमेरिकी लष्करी कर्मचाऱ्यांना स्थानिक न्यायालयांपासून संरक्षण दिले, तेव्हा त्याविरुद्ध भाषण करणाऱ्या आणि पुढे १९७९च्या इस्लामी क्रांतीचे नेते झालेल्या धर्मगुरू रुहोल्ला खोमेनींना देशाबाहेर घालवण्यात आले. पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. २०११मध्ये इराकी राजकारण्यांनी अमेरिकी सैनिकांना असे संरक्षण देण्यास नकार दिला आणि मुख्यतः त्याच कारणाने त्या वर्षाअखेर सैन्य मागे गेले. इस्लामिक स्टेटविरुद्धच्या लढाईसाठी ते २०१४मध्ये पुन्हा आले.

प्रश्न : लहान देशांनी तळ घालवल्याची अलीकडची उदाहरणे आहेत का?

उत्तर : आहेत. इक्वादोरने २००८च्या राज्यघटनेत परकी लष्करी तळांना मनाई केली आणि पुढच्या वर्षी मान्ता येथील अमेरिकी तळ बंद झाला. नोव्हेंबर २०२५मध्ये तेथील अध्यक्षांनी ही मनाई उठवण्यासाठी सार्वमत घेतले. अमली पदार्थांच्या टोळ्यांनी देश हैराण झालेला असतानाही मतदारांनी प्रस्ताव नाकारला. नायजरच्या लष्करी राजवटीने मार्च २०२४मध्ये अमेरिकेशी असलेला करार मोडीत काढला आणि सप्टेंबरपर्यंत अमेरिकी सैनिक अगादेझचा तळ सोडून गेले. त्यापूर्वीच, एप्रिलमध्ये, रशियाचे लष्करी प्रशिक्षक राजधानी नियामेत उतरले होते. इक्वादोरमध्ये हा निर्णय मतपेटीतून आला. नायजरमध्ये तो बंदुकीच्या बळावर सत्तेत आलेल्या सेनापतींनी घेतला, आणि नव्या पाहुण्याला बोलावतानाही तेथील लोकांना कोणी विचारले नाही.